सिस्टरांची फॅनफिकीर

गेल्या वर्षी श्रावणात मी एका बाईंना टँकरखाली घातलं. आधी एवढं कबूल करतो, म्हणजे पुढचं सांगताना हात जरा मोकळा राहील. बाई हयात आहेत, धडधाकट आहेत. परवाच खालापूरच्या स्टँडवर पेरू दाबून बघताना दिसल्या. टँकर खोटा होता. तो मी एका गोष्टीत आणला होता, आणि ती गोष्ट आमच्या ओळखीच्या पंचवीस-तीस माणसांनी वाचली आणि पोट धरून हसली. पण टँकरखाली गेलेल्या बाई कोण, हे सगळ्यांना कळत होतं, आणि खुद्द त्यांनीही ती वाचली होती. गोष्टीतल्या माणसाला थोडंच लागतं, असं जे म्हणतात त्यांची आणि सुमनसिस्टरांची गाठ पडलेली नाही.

सुमनसिस्टरांशी हात मिळवायला गेलात तर तो परत मिळायला अर्धं मिनिट लागतं. त्या पंजा धरत नाहीत, मनगट धरतात. मग छातीवर पिनेने अडकवलेलं उलटं घड्याळ बघत गप्प उभ्या राहतात. तुम्ही आमदार असा नाहीतर रिक्षावाले. अर्ध्या मिनिटाने, "शहात्तर. चांगलं हाय. बोला," असं म्हणून हात सोडतात. एकदा वाचनालयाच्या कार्यक्रमाला आलेल्या पाहुण्यांचा हात त्यांनी असाच धरला आणि, "एकशेदहा. भाषण मंग करा, आधी बसा," असं सांगून त्यांना खरोखरच बसवलं. पाहुणे नंतर म्हणाले, मला आजवर इतक्या आपुलकीने कुणी गप्प केलं नव्हतं.

सिस्टरांनी उभा जन्म एका आरोग्य उपकेंद्रात नर्स म्हणून काढला. रिटायर होऊन सात-आठ वर्षं झाली. कुंभिवलीला हायवेला लागून एका पंक्चरवाल्याच्या मागे त्यांच्या दोन खोल्या आहेत. नवरा फार पूर्वी गेला, मूलबाळ नाही. शेजारी भाऊ राहतो. भाताची खाचरं होती तिथे त्याने गाळे बांधलेत आणि तो बहिणीला रोज सांगतो की आता तरी देवाचं काहीतरी वाच. सिस्टर त्याला म्हणतात, "देवाला काय झालंय? त्याला बघायला गर्दी हाय." आणि मोबाइल डोळ्यांपाशी धरून पुन्हा फॅनफिकीर वाचायला लागतात.

हा शब्द समजावून सांगायला हवा. संध्याकाळी एक मालिका लागायची. तिचं नाव सांगत नाही, आमच्यात तिच्यावरून अजून भांडणं होतात. ती एके दिवशी अचानक आटोपली आणि अर्धी माणसं जिथल्या तिथे लोंबकळत राहिली. कोणी दवाखान्याच्या दारात, कोणी लग्नाच्या मांडवात. आम्हाला ते सहन होईना. कर्जत, खोपोली, खालापूर अशा पट्ट्यातल्या आम्ही काही जणांनी मोबाइलवर एक गट काढला आणि जो तो आपापल्या मनाने ती गोष्ट पुढे लिहू लागला. याला फॅन फिक्शन म्हणतात असं आम्हाला नंतर कळलं. म्हणजे दुसऱ्याने जन्माला घातलेली माणसं आपण आपल्या घरी आणायची आणि हवी तशी वागवायची. महिन्यातून एका रविवारी सकाळी खोपोलीच्या एका वाचनालयाच्या मागच्या खोलीत आम्ही जमायचो आणि आपापले भाग वाचून दाखवायचो. मी तालुक्याच्या एका कचेरीत कारकून आहे, वय बावन्न. आठवडाभर जुनी कागदपत्रं शोधतो आणि साहेबांना हो म्हणतो. रविवारची ती खोली हीच काय ती माझ्या मालकीची जागा होती.

त्या खोलीच्या दारावर कुणीतरी खडूने 'फॅन फिक्शन' असं लिहिलं होतं. 'क्शन' अर्धा पुसला गेला होता. त्यामुळे आत आलेल्या सिस्टरांनी पहिल्याच दिवशी विचारलं की फॅनफिकीरची सभा ती हीच का. आम्ही दुरुस्त केलं. पुढच्या वेळीही केलं. तिसऱ्या वेळी त्या म्हणाल्या की फिकीर नसती तर तुम्ही रविवारी घरची कामं टाकून इथे कशाला आला असता. तेव्हापासून आम्ही नाद सोडला. हळूहळू मला तर वाटायला लागलं की मूळ शब्दच चुकीचा असावा.

त्या आल्या होत्या मुकुंदासाठी. मालिकेत मुकुंद नावाचा मधला दीर होता. सगळं घर त्याच्यावर खेकसायचं आणि तो "तुम्ही म्हणाल तसं" एवढंच बोलायचा. पानं मांडली की हा उठून दुसऱ्याला पाट द्यायचा आणि स्वतः उरलंसुरलं जेवायचा. मालिकेत त्याचं फारसं बरंवाईट झालं नाही, कारण लेखक त्याला बहुतेक विसरूनच गेले होते. ती कसर आम्ही भरून काढली. खोपोलीच्या कारखान्यातून निवृत्त झालेल्या भोईरकाकांनी त्याचा पाय मोडला. कर्जतची रसिका बँकेत असते, रस्त्यातली मुंगीसुद्धा ओलांडून जाते. तिने त्याला क्षय दिला. मी त्याच्यावर चोरीचा आळ घातला, त्याला मांडवातून हाकललं, विहिरीत उतरवून वरचा दोर काढून घेतला. आम्ही ठरवून काही केलं नव्हतं. प्रत्येकाला वाटत होतं, आपणच तेवढे याच्या वाट्याला दुःख देतो आहोत, आणि त्यामुळे आपली गोष्ट वेगळी आहे.

त्या पहिल्या सकाळी भोईरकाकांचा पाचवा भाग वाचून झाला. खोली हळहळली. मागून सिस्टरांनी हात वर केला आणि विचारलं, "तिसऱ्या भागात त्याचा डावा पाय मोडला. आज तो जिना चढला. प्लास्टर कोणी काढलं?"

भोईरकाका गोंधळले. म्हणाले, मध्ये बराच काळ गेला आहे असं समजायचं. सिस्टर म्हणाल्या की काळ जाऊ दे, काळाने प्लास्टर निघत नाही, करवत लागते. काकांनी शेवटी रसिकाकडे मदतीसाठी पाहिलं. रसिका आपला क्षय लपवत खाली बघत होती. मग सिस्टरांनी पिशवीतून कागद काढला, चष्मा लावला आणि त्यांचं ते वाक्य पहिल्यांदा आमच्या कानावर आलं: "दुखतं कुठं ते दाखव, गोष्ट मंग सांग." हे त्या काकांना म्हणत होत्या की मुकुंदाला, हे कुणालाच कळलं नाही.

तो कागद म्हणजे केसपेपर होता. सरकारी दवाखान्यात खिडकीवर मिळतो तसाच, रकाने आखलेला. त्यांनी त्याच्या गठ्ठाभर झेरॉक्स काढून आणल्या होत्या. गोष्टीत ज्याला ज्याला लागलं त्याचा त्या केसपेपर करायच्या. नाव मुकुंद. वय बत्तीस. गाव, मालिकेत सांगितलेलं नाही. तक्रार काय. कधीपासून. कारण काय. आणि त्याखाली एक रकाना त्यांनी स्वतःच्या हाताने वाढवलेला होता: कोणी केलं. तिथे त्या लेखकाचं नाव लिहीत. "कोणी केलं: भोईर." भोईरकाकांनी आपलं नाव तिथे वाचलं तेव्हा त्यांचा चेहरा पोलीस ठाण्यात बसवल्यासारखा झाला. ते म्हणाले, "अहो सिस्टर, मी कुठं, त्या थोरल्या भावानं ढकललं त्याला." सिस्टर म्हणाल्या की थोरला भाऊ तुमच्या पगारावर आहे.

आम्ही आधी हसलो, मग वैतागलो, मग सवय झाली. त्यांना खरोखरच शोधून काढायचं होतं की लेखक लोक ठरावीक माणसांनाच का छळतात. दर महिन्याला त्या नवा निष्कर्ष घेऊन यायच्या. एकदा म्हणाल्या, आजवरच्या सगळ्या गोष्टींत खलनायिकेला साधी सर्दी झालेली नाही. खरंच होतं. तिला भरजरी साड्या आणि लांबलचक संवाद मिळत होते, ताप मात्र नेहमी गरीब माणसाला. पुढच्या वेळी म्हणाल्या, जो जेवताना शेवटी बसतो त्यालाच लागतं. त्यांनी अकरा केसपेपर टेबलावर पसरून हे दाखवून दिलं. आम्ही अकराही लेखक तिथेच होतो, आणि सगळ्यांनी चहा घ्यायला एकदम पुढे केलेले हात एकदम मागे घेतले.

रसिकाच्या क्षयासाठी तर त्या कर्जतला तिच्या बँकेत गेल्या. काउंटरवर रांगेत उभ्या राहिल्या आणि नंबर आल्यावर तिला क्षयरोगावरची दोन पत्रकं दिली. म्हणाल्या, औषध सरकारी दवाखान्यात फुकट मिळतं, न चुकता घेतलं की माणूस बरा होतो, मग सहा भाग खोकत कशाला ठेवलंय त्याला. मागच्या माणसाला वाटलं रसिकाच्याच घरात कुणाला तरी झालंय. तो मागे सरकला आणि पाठोपाठ अख्खी रांग सरकली. रसिकाने पुढच्याच भागात मुकुंदाला ठणठणीत बरं केलं. लिहिताना तिला रडू आलं असं तिने मला सांगितलं. आजारी पाडताना आलं नव्हतं आणि बरं करताना आलं, याचा अर्थ तिला कळेना. मलाही कळला नाही. त्या दिवसांत आमच्या गटात कुणालाच काही नीट कळत नव्हतं. एवढंच की मुकुंदाची तब्येत सुधारत चालली होती, फक्त माझ्या गोष्टीत तो अजून विहिरीत होता.

आणि मग आषाढातली ती सभा. मी माझा तेविसावा भाग वाचला. विहिरीत पाणी चढत होतं आणि मुकुंद वरच्यांना सांगत होता की तुमचं जेवण उरकून घ्या, मी थांबतो. मला तो भाग फार आवडला होता. वाचून संपल्यावर सिस्टरांनी पिशवीतून माझा गठ्ठा काढला. तो सगळ्यांत जाड होता. त्यांनी तो माझ्यापुढे ठेवला आणि अगदी हळू, तापातल्या माणसाला विचारावं तसं विचारलं, "अशोकभाऊ, त्याला मारताना तुमाला बरं वाटतं का?"

मी म्हणालो, नाही, म्हणजे गोष्टीची गरज आहे. त्या म्हणाल्या की ते असू दे. मग म्हणाल्या, "मगाशी मी आले तेव्हा तुमी उठून खुर्ची दिलीत. मुकुंदा पण असाच उठतो."

कुणीतरी फिसकन हसलं. मग सगळे हसले. सिस्टर हसल्या नाहीत, हे मी तेव्हाही पाहिलं होतं. पण मला फक्त हसणं ऐकू येत होतं. कचेरीत असं हसणं मला रोज ऐकू येतं, तिथे त्याचं काही वाटत नाही. इथे वाटलं.

पुढच्या रविवारी दुपारी, जेवून, पान खाऊन, अगदी शांतपणे मी ती गोष्ट लिहिली. 'वाटसरू' असं नाव घेतलं आणि नवा नंबर वापरून ती गटावर टाकली. मालिकेतल्या घरात एक नर्सबाई येते. ती उठल्यासुटल्या सगळ्यांचं मनगट धरते. खलनायिकेचं धरते, तुळशीच्या फांदीचं धरते, गोठ्यात जाऊन बैलाच्या पायाचं धरते आणि "चौऱ्याऐंशी, चांगलं हाय" म्हणते. घरातली पोरंसोरं तिच्यामागे नक्कल करत फिरतात. शेवटी तिचे केसपेपर वाऱ्याने हायवेवर उडतात, ती ते गोळा करायला धावते, आणि टँकर येतो. टँकरवाला खाली उतरून विचारतो, दुखतं कुठं ते दाखव.

ते वाक्य सुचलं तेव्हा मी स्वतःच मोठ्याने हसलो. बायकोने, मंदाने, आतून विचारलं काय झालं. मी तिला वाचून दाखवलं. ती हसली नाही. म्हणाली, "त्या बाईंनी तुमचं काय केलंय हो?" त्यांनी मला एक प्रश्न विचारला होता, एवढंच.

गटावर नुसता धुमाकूळ झाला. हसून हसून रडणाऱ्या चेहऱ्यांच्या ओळीच्या ओळी. वाटसरू कोण यावर पैजा लागल्या. संध्याकाळी सिस्टरांचा एकच निरोप आला: "वाचलं. हे कोणी लिवलं त्याला मला भेटायचं हाय." त्यानंतर चेहरे यायचे थांबले.

मंगळवारी सिस्टर छत्री घेऊन माझ्या कचेरीत हजर झाल्या. मला वाटलं, कळलं. त्या समोर बसल्या, सवयीने माझं मनगट धरलं, म्हणाल्या, "ब्याण्णव. साहेब ओरडले वाटतं." मग पुढे वाकून म्हणाल्या की तुम्ही शंभर-शंभर वर्षांपूर्वीचे कागद शोधून काढता, तुम्हाला एक जिवंत माणूस शोधता येणार नाही का.

मी विचारलं, सापडला तर काय करणार? रागावणार?

"राग कशाला? टँकर कुणाला सुचतो? जो रस्त्याकडंला उभा राहून सारखा टँकरकडं बघतो त्याला. त्याच्या घरी काय बरं नसंल. त्याला बघायला पायजे."

मी म्हणालो, बघतो, प्रयत्न करतो.

म्हणजे मी माझाच शोध घ्यायला लागलो. हे वाचताना कुणाला गंमत वाटेल, मला तेव्हा धाप लागत होती. दर मंगळवारी सिस्टर यायच्या, मी त्यांना खोटा माग सांगायचो. हा माणूस 'परंतु' फार वापरतो, म्हणजे शिक्षक असावा. हा बैलाबद्दल लिहितो, म्हणजे शेतीवाडीचा असावा. सिस्टर तेवढ्या मागावर निघायच्या. संशयिताच्या घरी जायच्या, पण पकडायला नाही, तपासायला. भोईरकाकांची बायको वर्षापूर्वी गेली, म्हणून त्यांच्यावर पहिला संशय. त्यांच्याकडे शेवग्याच्या शेंगा घेऊन गेल्या, रक्तदाब बघितला, चालू असलेल्या गोळ्या उलट्यासुलट्या घेत होते त्या सरळ लावून दिल्या. काकांना काही उमजलं नाही, पण त्यांनी सिस्टरांना जेवायला थांबवलं. रसिकाचं रक्त तपासून घेतलं, हिमोग्लोबिन कमी निघालं, तिला खजूर सुरू झाला. चौक गावचे एक मास्तर सुचवले होते मी; त्यांच्या आईच्या पायाची जखम सिस्टर पंधरा दिवस जाऊन धूत होत्या. वाटसरूच्या नावाने आमच्या गटातली निम्मी माणसं बरी झाली.

फक्त माझी तपासणी झाली नाही. मी एकदा धीर करून म्हणालो, "सिस्टर, तुम्हाला माझा संशय येत नाही?"

"तुमचा? नाय. तुमचा हात मुकुंदावर बसलाय, दुसरीकडं जायचा नाय."

घरी हे सांगितल्यावर मंदा भाकरी थापता थापता थांबली. म्हणाली, "ती बाई तुमच्यासाठी औषध घेऊन दारोदार फिरतेय आणि तुम्ही तिला पत्ता चुकवताय. हे त्या गोष्टीपेक्षा वाईट आहे." मी म्हणालो, सांगतो, येत्या मंगळवारी सांगतो. असे चार मंगळवार गेले. दर वेळी वाटायचं, आज त्या दमलेल्या दिसतात, आज नको. दमलेल्या त्या माझ्यामुळेच होत्या.

मग त्या यायच्या थांबल्या. एक मंगळवार, दोन मंगळवार. दसऱ्यानंतरच्या सभेलाही आल्या नाहीत. भोईरकाकांना वाईट वाटलं, कारण त्यांनी खास पहिल्यांदाच कुणालाही न दुखवता एक भाग लिहून आणला होता. त्यात मुकुंद नुसता बाजारात जाऊन परत येत होता. मी फोन केला तर सिस्टर म्हणाल्या की आता अभ्यास बंद, केसपेपर रद्दीत देते. आवाजात राग नव्हता. मी दुसऱ्या दिवशी अर्धी रजा टाकली आणि स्कूटर काढली.

भातकापणी चालली होती. हायवेच्या एका अंगाला टँकरची रांग, दुसऱ्या अंगाला उरलीसुरली खाचरं, पिवळी. पंक्चरवाल्याच्या मागे सिस्टर ओटीवर बसल्या होत्या आणि केसपेपर सुतळीने बांधत होत्या. मला बघून त्यांनी मनगट धरायला हात पुढे केला नाही. मी खाली बसलो. इतका सगळा अभ्यास का टाकता, असं विचारलं. त्या म्हणाल्या, एक केस पुरी होत नाही. मारणारा सापडला नाही. तो सापडत नसेल तर आधी केलं तेच पुन्हा केल्यासारखं आहे.

आधी काय केलं, असं मी विचारलं. त्यांनी सुतळीला एक गाठ मारली. मग बोलायला लागल्या ते माझ्याकडे न बघता.

"बाया यायच्या. हात मोडलेला. डोळा काळा. कुणी गावातली, कुणी बंगल्यावरची, सगळ्या घरच्या. मी विचारायची, काय झालं गं? म्हणायची, पडले. पाय घसरला. मी लिवायची, कारण, पाय घसरून पडल्यामुळे. आणि तो बाहेर गाडीपाशी उभा. मला माहीत असायचं. तिला माहीत, मला माहीत, त्याला माहीत. एकदा मी त्याला चा पण दिलाय. नवऱ्यानं आणलं तरी हिला, चांगला माणूस हाय, म्हणून."

पलीकडे पंक्चरवाल्याचा हवेचा पंप सुरू झाला. तो बंद होईपर्यंत त्या थांबल्या.

"किती कागद लिवले असतील मी तसे. एकालाबी जाऊन विचारलं नाय, का रं मारलंस म्हणून. धीर नाय झाला. मंग रिटायर झाले, मोबाइल आला, तुमच्या गोष्टी वाचल्या. म्हटलं, इथं बरं हाय. मारणाऱ्याचं नाव वरती लिवलेलं असतं. त्याला जाऊन विचारता येतं. तो समोर बसतो, चा घेतो, सांगतो."

त्यांनी गठ्ठ्यातला सगळ्यात वरचा कागद ओढून काढला आणि माझ्यापुढे धरला. नाव, नर्सबाई. वय, साठीच्या पुढे. तक्रार, टँकरखाली. कोणी केलं, हा रकाना कोरा होता. पण त्यांचं बोट त्याच्या वरच्या रकान्यावर होतं. तिथे माझ्या गोष्टीतलं कारण होतं, त्यांच्या गोल सरकारी अक्षरात उतरवलेलं: पाय घसरून पडल्यामुळे.

मला आठवतच नव्हतं. टँकरवाल्याचं वाक्य आठवत होतं, बैल आठवत होता. नर्सबाई कशी पडली ते मी कधी लिहिलं हे आठवत नव्हतं. एवढ्या टवाळीच्या गोष्टीत मी तेवढं एक वाक्य गंभीरपणे घातलं होतं. रस्त्यावर कागद गोळा करताना तिचा पाय घसरला.

"बघा," सिस्टर म्हणाल्या, "ह्यानं पण तेच लिवलंय. सगळ्या गोष्टी वाचल्या मी, भोईरांच्या, पोरीच्या, तुमच्या. ज्याला मजा येते तो सरळ मारतो. ज्याला लाज वाटते तो घसरवतो. म्हंजे ह्या माणसाला लाज हाय. म्हणून तर एवढी शोधत होते, रं."

त्यांनी मला आजवर कधी 'रं' म्हटलं नव्हतं. मी अशोकभाऊ होतो, तुम्ही होतो. त्यांना तेव्हा माहीत होतं का, आधीपासूनच माहीत होतं का, की बोलण्याच्या भरात ते नुसतंच आलं, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. मी कधी विचारलंही नाही. त्या माझ्याकडे बघत नव्हत्या. कोऱ्या रकान्यावर पेन टेकवून बसल्या होत्या, जशा एखाद्या बाईसमोर बसत असतील, ती काय सांगेल ते लिहून घ्यायला. आणि मला एकदम वाटलं की आता मीही गप्प बसलो तर या त्या गठ्ठ्याला गाठ मारतील, उठतील, आणि मला चहा देतील.

"सिस्टर," मी म्हणालो, "ते कारण खोडा. ती घसरली नाही. मी ढकललं तिला. वाटसरू मीच आहे. तुम्ही मला सगळ्यांसमोर विचारलंत, लोक हसले, मला लागलं. पण तुम्ही हसला नव्हता, ते मी पाहिलं होतं. हसणाऱ्यांना मी काही केलं नाही, ते उलटून बोलले असते. तुम्ही उलटून काही करणार नाही हे मला ठाऊक होतं, म्हणून तुम्हाला निवडलं. आणि मग तीन महिने तुम्हाला दारोदार फिरवलं. माझं चुकलं, सिस्टर. मला माफ करा."